वरवंट्याचा रविवार

१८ ऑक्टोबर १९६९, शनिवार. उद्याचं वाटण आज करून ठेवलं. खोबरं भाजलं, मिरच्या भिजवल्या आणि पाट्यावर बसले. हात दोनदा धुतले तरी बोटांची आग जात नाही, आणि त्याच बोटांनी हे लिहिते आहे. रविवारी आमच्या घरात वाटण होत नाही. शिवण नाही, धुणं नाही, बाजार नाही. चहापुरता स्टोव्ह पेटतो, बाकी सगळं शनिवारचं. उरलेलं नव्हे, मुद्दाम करून ठेवलेलं. हा फरक पाहुण्यांना समजावणं मी कधीच सोडून दिलं.

बाहेर ढग आहेत. समोर हिराबायच्या वलांड्या भरलेल्या आहेत. वलांडी म्हणजे बांबूचे खांब, त्यांच्यामध्ये ताणलेल्या दोऱ्या, आणि त्या दोऱ्यांवर जबड्यात जबडा अडकवून टांगलेले बोंबील. हिराबाय आमची घरमालकीण. नवापुरात समुद्राकडच्या टोकाला तिच्या घराला लागून असलेली खोली आम्ही भाड्यानं घेतली, तेव्हा वाटलं होतं, वर्षभर राहू. अजून इथेच आहोत.

पाळकसाहेब पालघरला असतात, महिन्यातून एकदा इकडे येतात. इथे आमचं देऊळ, म्हणजे चर्च, नाही, म्हणून उपासना आमच्याच खोलीत. मागच्या खेपेला उपासनेनंतर चहा घेताना विसाव्याच्या दिवसावरून वाद निघाला. एस्तेरबाई म्हणून नव्या शिक्षिका आल्या आहेत, तरुण आणि चुणचुणीत. त्या म्हणाल्या, “शब्बाथ यहुदी लोकांचा, तोही शनिवारचा. प्रभूनं नियमशास्त्र पूर्ण केलं, आपण त्यातून मोकळे झालो. मग रविवारी मी दोन साड्या धुतल्या तर बिघडलं काय?”

“काही नाही बिघडलं,” मी म्हटलं. “फक्त माझ्या दोरीवर वाळत घालू नका.”

सगळे हसले आणि पाळकसाहेबांनी मलाच धरलं. “मार्थाबाई, पुढच्या वेळी तुम्हीच दोन शब्द सांगा. तुमच्या सासूबाई एवढ्या कडक पाळायच्या. ख्रिस्ती माणसानं शब्बाथ अजून पाळावा की नाही?”

मी हो म्हटलं. ती पुढची वेळ उद्या आहे, आणि माझ्याकडे वाटणाशिवाय काही तयार नाही.

बोलणं हे माझं काम नव्हे. शास्त्रातली मार्था पाहुण्यांसाठी राबत राहते आणि तिची बहीण प्रभूच्या पायाशी नुसती ऐकत बसते. उपदेशात दरवेळी बहिणीचं कौतुक होतं. मला लहानपणापासून एकच शंका, दोघी बसल्या असत्या तर भाकरी कुणी केली असती? सासूबाईंना ही शंका विचारली तेव्हा त्या म्हणाल्या, “आदल्या दिवशी करून ठिवायची.”

त्या गेल्या त्याला दोन वर्षं होतील. ढगाळ ऑक्टोबर आला की मात्र त्यांच्या बाजूनं आणि त्यांच्याविरुद्ध असे दोन्ही वाद माझ्या डोक्यात एकदम सुरू होतात.

आम्ही आलो ते पासष्ट सालच्या पावसाळ्याच्या शेवटी. आमचे हे, शांतवन, सुतार. तारापूरला वीजकेंद्राचं काम जोरात होतं, काँक्रीटच्या साच्यांना सुतार हवे होते. नगरकडच्या कोरड्या गावातून आम्ही थेट इथे. पहिला महिनाभर मला कशाची चवच लागली नाही, कारण सगळ्याला वास एकच होता. अंथरुणाला मासळीचा, पाण्याला मासळीचा, प्रार्थनेच्या पुस्तकालासुद्धा. सकाळी दार उघडलं की ओल्या बोंबलांच्या रांगा वाऱ्यावर हलत असायच्या, पांढऱ्या गुलाबी, काचेसारख्या. दोन उन्हं खाल्ली की त्यांच्या काटक्या व्हायच्या. दोऱ्यांखालून कोंबड्या, वर कावळे आणि मधे काठी घेऊन हिराबायची मुलगी चंद्री. कावळ्यांना तिनं दिलेल्या शिव्या मला तेव्हा कळत नव्हत्या. आता कळतात, आणि मीही देते.

सासूबाईंनी खोलीत सामान लावायच्या आधी हिराबायला बोलावून घेतलं आणि अट सांगितली. “भाडं येळेवर मिळंल. बाकी कायबी सांग, करू. पण आयतवारी आमाला हाक मारायची न्हाई. कशापायीबी न्हाई.”

हिराबायनं कमरेवर हात ठेवून विचारलं, “का वो आये? ऐतवारी ऐकू येत नाय?”

“ऐकू येतं, म्हणून तर सांगती.”

हिराबाय हसली. पण कुणाचा दिवस असतो ही गोष्ट तिला नवी नव्हती. कोळ्यांचाही असतो. डोलीचं जाळं प्रवाहावर चालतं. अमावस्या-पुनवेला उधाण असतं तेव्हा पाण्याला ओढ असते, जाळं भरतं. अष्टमी-नवमीच्या सुमाराला पाणी मंदावतं, त्याला भांग म्हणतात. भांगाला होड्या वर ओढलेल्या, बापये जाळी सांधत बसलेले, गावात दुपारी घोरण्याचे आवाज. सासूबाईंना हे फार आवडलं.

“तुमचा इसाव्याचा दिस कोन ठरवतं?” त्यांनी विचारलं.

“पानी ठरवतं.”

“आन पान्याला कोन सांगतं?”

“चंद्र.”

“आन चंद्राला?”

“आता ते तुमी सांगा आये, तुमच्या पोथीत असंल,” असं म्हणून हिराबायनं टोपली उचलली. त्या दिवसापासून दोघींचं जमलं.

घरात मात्र जमत नव्हतं. यांची सुट्टी गुरुवारी होती. रविवारी सकाळी हे डबा घेऊन निघाले की सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसायच्या.

“आई, काँक्रीट ओतायला घेतलं की मधे थांबवता येत नाही,” हे समजावायचे. “सिमेंटला वार कळत नाही.”

“सिमेंटला न्हाई कळत, मुकादमाला कळतो. मी जाती परत गावाला.”

त्या खरंच जाणार होत्या, ट्रंक बांधून तयार होती. गावाला त्यांचं कुणी उरलं नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. माणूस रुसून जातो तेव्हा परत आणायला कुणीतरी येईल असा हिशोब असतो. सासूबाईंच्या बोलण्यात तसा हिशोब नव्हता. रविवार जाणार असेल तर त्यांना इथे राहायचंच नव्हतं.

मी वाद घालत बसत नाही. विहिरीवर साताऱ्याकडच्या एका फिटरची बायको भेटायची. तिच्या नवऱ्याचा दत्ताचा गुरुवार असायचा, कडक उपास, आणि त्याला सुट्टी नेमकी रविवारी. उपाशीपोटी लोखंड उचलून त्याला घेरी येते म्हणून ती रडकुंडीला आली होती. मी घागर खाली ठेवली आणि म्हटलं, “तुमचा रविवार आम्हाला द्या, आमचा गुरुवार घ्या.” दोघं पुरुष मुकादमापुढे उभे राहिले. मुकादम उत्तरेकडचा. त्यानं दोघांकडे पाहून विचारलं, “तुम लोगों का भगवान भी पाली में आता है क्या?” पण दिली बदलून. सासूबाईंनी ट्रंक सोडली. दत्ताच्या उपासामुळे आमचा शब्बाथ वाचला, हे मी त्यांच्यापुढे एकदाच बोलले. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

याच दिवसांत एक पुस्तकविक्या प्रचारक सायकलवरून आला. त्याचा पंथ वेगळा. खरा शब्बाथ शनिवारचाच, रविवार माणसांनी मागाहून लावला, असं त्याचं म्हणणं. त्यानं वचनांवर वचनं काढून दाखवली. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, पुस्तक हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि परत दिलं. “आज आयतवार, मी इकत घेत न्हाई. काल शनवार, तू इकलं नसतंस. सोमवारी ये बाबा, दोघंबी मोकळे आसू.” तो सोमवारी आला नाही. मला वाईट वाटलं. त्याचं बोलणं चुकीचं आहे असं मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि त्यानं काही आमचं वाईट चिंतलं नव्हतं.

शब्बाथची आज्ञा शास्त्रात दोन ठिकाणी आहे. एका ठिकाणी कारण दिलंय की देवानं सृष्टी घडवली आणि सातव्या दिवशी तो विसावला. दुसऱ्या ठिकाणी कारण वेगळं आहे. तू परक्या देशात गुलाम होतास, तुला सोडवून आणलं, ते विसरू नकोस. तूही थांब, तुझा चाकरही थांबू दे, तुझा बैलही. सासूबाई पहिलं कारण पाठ म्हणायच्या. पण जगल्या त्या दुसऱ्यावर.

त्यांच्या लहानपणी वस्तीबाहेर उभं राहून पाटलाचा माणूस ओरडायचा, “कोण आहे रे?” नाव घेऊन नाही. कोण आहे रे, म्हणजे कुणीही चालेल. मग कुणीतरी उठायचं. सरपण फोडायला, निरोप घेऊन चार कोस जायला, मेलेलं जनावर ओढायला. जेवत असलं तरी, तापानं फणफणत असलं तरी. मजुरी नाही, ती वेठ. पुढे वस्तीतल्या काही घरांनी बाप्तिस्मा घेतला, मातीच्या भिंतींचं एक देऊळ उभं राहिलं. एका रविवारी आत उपासना चालू असताना बाहेर हाक आली. सगळ्यांचे चेहरे सासूबाईंच्या वडलांकडे वळले. ते उठले नाहीत. गाणं चालू राहिलं. बाहेरचा माणूस थोडा वेळ उभा राहिला, पुन्हा ओरडला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी वडलांना चावडीवर बोलावून काय केलं ते सासूबाईंनी मला कधी सांगितलं नाही. पुढच्या रविवारी ते लंगडत देवळात आले एवढंच सांगितलं, आणि हेही, की त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा हाक रिकामी परत गेलेली त्यांनी पाहिली.

हे कळल्यावर मी रविवारी वरवंट्याला हात लावायचा प्रयत्न सोडून दिला. पटलं म्हणून नव्हे. समोरच्या माणसाला ते किती महागात पडलंय हे कळल्यावर आपली सोय पुढे करवत नाही.

तर आम्ही आलो त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातला एक रविवार. आमच्या खोलीत उपासना. मजुरांच्या छावणीतून दोन कुटुंबं आली होती, त्यामुळे खोली गच्च भरली होती. दार लावलेलं. एक तर मासळीच्या माशा आत येतात, दुसरं म्हणजे समुद्रावरचा वारा दार आपटतो, आणि तिसरं, सासूबाईंना रविवारी दार बंदच हवं असे. गाणी चालली होती. यांचा आवाज मोठा, छावणीतल्या एकाकडे ढोलकी होती. आत अंधारून आलं तेव्हा मी फक्त कंदिलाकडे पाहिलं. मग कौलांवर पाऊस कोसळला आणि आम्ही आणखी मोठ्यानं गायलो.

शेवटच्या प्रार्थनेनंतर दार उघडलं. समोर हिराबाय आणि चंद्री चिखलात बसल्या होत्या, नखशिखांत भिजलेल्या. निम्म्या वलांड्या रिकाम्या केलेल्या होत्या. उरलेल्यांवरचे बोंबील फुगून, सुटून वाळूत पडले होते, पाण्याबरोबर वाहत होते. बापये समुद्रावर. शेजारणी आपापल्या वलांड्यांमागे. दोघींचे चार हात, आणि आमच्या खोलीत माणसंच माणसं, दहा पावलांवर. त्या वर्षीच्या बोंबलांवर चंद्रीचं माघातलं लग्न ठरलेलं होतं. गावात कुणालाही हे सांगावं लागलं नसतं.

चंद्री उठली आणि सरळ आमच्या दारात आली. “झाली गानी?” ती म्हणाली. “आत देवाला गानी, भायेर आमचं लगीन वाहून चाललं! मी दारावर थाप मारत होती. माझ्या आयनंच माझा हात धरला.”

सासूबाईंनी हिराबायकडे पाहिलं. “हाक का न्हाई मारलीस?”

हिराबाय चिखलातूनच म्हणाली, “आये, तुमीच सांगितलेलं ना? कशासाठीपन नाय. तुमचा देवाचा दिवस, मी कशी मोडनार?”

ती रागानं म्हणाली नव्हती, तेच वाईट होतं. चंद्रीच्या रागावर काहीतरी उत्तर देता आलं असतं.

सासूबाईंनी नऊवारीचा काचा मारला आणि पायऱ्या उतरून चिखलात गेल्या. छावणीतली एक बाई भाबडेपणानं म्हणाली, “आजी, आज शब्बाथ आहे ना?”

“व्हय. मला ठाऊक हाये.”

मग आम्ही सगळेच उतरलो. वाळूतून बोंबील वेचले, खाऱ्या पाण्यात खंगाळले, बरे वेगळे काढून मिठात घातले. हातातून निसटायचे, बुळबुळीत, थंड. ढोलकीवाला वलांडीचे खांब पुन्हा ठोकत होता. पुष्कळ माल हातचा गेला, तो नंतर केळव्याच्या वाडीवाल्यानं नारळांच्या खतासाठी नेला. चंद्रीचं लग्न माघातून वैशाखात गेलं. व्याह्यांनी थोडं तोंड वाकडं केलं, पण मोडलं नाही. त्यांच्याही वलांड्या होत्या, त्यांनाही पाऊस ठाऊक होता.

संध्याकाळी सासूबाई अंगाला मासळीचा वास घेऊन बसल्या होत्या. त्या कोरड्या गावच्या, ताजी मासळी कधी हातात धरली नव्हती. माझ्याशी बोलत होत्या की स्वतःशी, कळलं नाही. “प्रभूनं इचारलं ना, शब्बाथच्या दिशी मेंढरू खड्ड्यात पडलं तर कोन काढनार न्हाई? पर मेंढरू वरडतं म्हणून कळतं. आपन तर त्याचं तोंड बांधून ठिवलं होतं.”

“मग आता काय करायचं?” मी विचारलं. मला पुढच्या रविवारची व्यवस्था बघायची होती. “रविवार सोडायचा का?”

“सोडायचा कशापायी? माझ्या बापानं फुकट न्हाई मिळवला.”

पुढच्या शनिवारी त्यांनी नेहमीप्रमाणे माझ्याकडून वाटण करून घेतलं. रविवारी सकाळी पाट्यावरचा वरवंटा उचलला, कमरेत वाकत दारापाशी नेला आणि उघड्या दाराला लावला, वाऱ्यानं आपटू नये म्हणून. “आज त्याला तरी काय काम हाये?” म्हणाल्या. मग हिराबायला बोलावलं. “माझी अट निम्मी मोड. गरज पडली का हाक मार.”

“खरंच मारू?”

“मार. यायचं का न्हाई ते मी बघीन.”

मी नंतर त्यांना विचारलं, की मग पाटलाच्या माणसाच्या हाकेत आणि हिच्या हाकेत फरक काय राहिला? भाकरी मोडता मोडता त्या म्हणाल्या, “त्याला न्हाई म्हनता येत न्हवतं. हिला न्हाई म्हनता येतं, म्हणून जावं.”

हिराबायनं पुष्कळ रविवार हाक मारलीच नाही. मग एका रविवारी, ऐन प्रार्थनेत, बाहेरून जीव तोडून ओरडली, “आये! ओ आये!” आम्ही सगळे डोळे उघडून धावलो. ढोलकीवाला अनवाणी धावला, त्याच्या पायात काटा गेला. बाहेर लख्ख ऊन आणि हिराबाय हातात पापलेट घेऊन उभी. “पैल्या जाळ्याचा हाय. म्हटलं, ऐकू येतं का बघू.” सासूबाईंनी तिला जे सुनावलं त्यात शास्त्रातलं काही नव्हतं. पापलेट मात्र ठेवून घेतला. शिजवला सोमवारी.

आता केंद्र चालू होण्याच्या बेतात आहे असं हे सांगतात. साचे ठोकणं संपलं, आता यंत्रं बोलणार. यंत्र एकदा सुरू झालं की त्याला शनिवार-रविवार नाही, कुणीतरी जागत बसणार. उद्या कधी आमचं देऊळ झालं आणि त्यात दिवा लागला, तर तो रविवारी कुणीतरी कामावर आहे म्हणून लागेल. त्या माणसाला गुन्हेगार ठरवून त्याच्याच उजेडात गाणी म्हणायची, हे माझ्या बुद्धीला पटत नाही. एस्तेरबाई म्हणतात तेही खरं असेल, आपण नियमशास्त्राखाली नाही. प्रेषितानंच लिहून ठेवलंय ना, कुणी एक दिवस वेगळा मानील, कुणी सगळे सारखे मानील, ज्यानं त्यानं आपल्या मनाशी पक्कं करावं. पण ज्यांना कधी कुणी “कोण आहे रे” म्हणून हाक मारली नाही, त्यांना सगळे दिवस सारखे मानणं सोपं जातं, असंही मला वाटतं. दिवस सोडायला हरकत नाही. आधी तो आपल्या हातात आला कसा, एवढं विचारून मग सोडावा.

यातलं उद्या काय बोलावं ते मात्र अजून ठरत नाही. ढग तसेच आहेत. पाटा धुऊन उभा केला.

२० ऑक्टोबर, सोमवार. काल सकाळी सगळे जमले. एस्तेरबाई दारापाशी बसल्या होत्या. वाऱ्याबरोबर वलांड्यांचा वास भपकन आत आला तसा त्यांनी नाकाला पदर लावला आणि दार लोटून घेतलं. पाळकसाहेब म्हणाले, “हं, मार्थाबाई.” मी उठले. कोपऱ्यातला वरवंटा उचलला, दार उघडलं आणि त्याला तो लावला. मग दारासमोर बसलेल्यांना जरा बाजूला सरकायला सांगितलं, म्हणजे उठून धावायची वेळ आली तर कुणाचा पाय कुणात अडकायला नको. एवढं झाल्यावर मी बोलायला सुरुवात केली.